अंगठ्याखालची चावी

आबा, तुमचं क्लॅरिनेट आता माझ्याकडे आहे. दादा गेल्यापासून ते त्याच्या घरी माळ्यावर पडून होतं. गेल्या महिन्यात त्याच्या सुनेनं माळा आवरायला काढला आणि पेटीसकट माझ्याकडे वडगावला पाठवून दिलं, सोबत चिठ्ठी, की आत्या, हे तुमच्याकडेच बरं. पेटीतली मखमल कसरीनं खाल्लीय, दोन चाव्यांच्या खालच्या गाद्या निघून आल्यात, पण लाकूड शाबूत आहे. दुपारची जेवणं झाली की मी ते ओसरीवर घेऊन बसते आणि फडक्यानं पुसते. नातवंडं म्हणतात, आजी, वाजवून दाखव की. मी म्हणते, फुंकायला दात लागतात रे बाळांनो. ते खरं आहे, पण सगळं खरं नाही. उरलेलं लिहून काढावं म्हणून ही वही घेतली. तुमच्यासमोर सरळ बोलायला मला कधी जमलं नाही, आणि तुम्ही तर दोन वाक्यांच्या वर जायचातच नाही.

लोणावळ्याच्या बाजारपेठेत आपलं दुकान होतं. गॅसबत्त्या भाड्यानं द्यायच्या आणि लग्नसराईत बँड. तळेगावपासून खंडाळ्यापर्यंत कुणाचीही वरात निघाली की बत्त्याही आपल्या आणि बँडही आपला. अकरा माणसं, लाल कोट, आणि सगळ्यांच्या पुढं तुम्ही. लोक तुम्हाला मास्तर म्हणायचे. कान्ह्याच्या पलीकडच्या गावातून तुम्ही तरुणपणी लोणावळ्यात आलात, पण बोली गावाकडचीच ठेवलीत. शाळेत जाणाऱ्या आम्हा दोघा भावंडांना तुमच्या ‘हाय’ आणि ‘न्हाई’ची चारचौघांत थोडी लाज वाटायची. हेही आता लिहून टाकलेलं बरं.

बँडच्या सगळ्या चाली दुकानात बसून घोटल्या जायच्या, एक सोडून. पाठवणीची चाल तुम्ही घरात किंवा दुकानात कधी फुंकली नाहीत. जिथं पाठवणी वाजते तिथून पोरगी जाते, हा तुमचा नियम. उगीच वाजवली तर कुणाच्या तरी दारातली उगीच जाईल. लग्नात ती वाजवायची वेळ आली की तुम्ही ढोल, ताशा, कॉर्नेट सगळं गप्प करायचात आणि एकटेच पुढं व्हायचात. गाडीकडे पाठ, नवरीकडे तोंड, आणि उलटं चालत चालत वाजवणं. सराव मात्र मुका. तोंडाकडचा तुकडा काढून खिशात टाकायचा आणि नुसती बोटं चालवायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानाच्या फळीवर बसून तुमची बोटं चालू, आणि मी समोरच्या पायरीवर बत्त्यांच्या पितळी टाक्या चिंचेनं घासत बसलेली. आवाज येतो तो फक्त माझ्या काथ्याचा.

दादाला तुम्ही शिकवायला बसवायचात आणि तो पळून जायचा. मग एकदा तुम्ही ते माझ्याच हातात दिलंत. दोन पावसाळे शिकवलंत. खालचे सूर पक्के होईपर्यंत वर जायचं नाही, मागची चावी पुढल्या साली, असं म्हणालात. पुढल्या साली मी पंधराची झाले आणि आईनं ते बंद करवलं. लग्नाच्या पोरीनं गाल फुगवून वाजवताना कुणी पाहिलं तर काय म्हणतील, हे तिचं म्हणणं, आणि तुम्ही वाद घातला नाहीत. पण तोवर मला तुमची बोटं वाचता यायला लागली होती. कुठलं भोक झाकलं, कुठलं उघडलं, की माझ्या डोक्यात तो सूर आपोआप लागायचा.

लोकांच्या लग्नात वाजणारी पाठवणी मला पाठ होती. दुपारी मात्र तुमची बोटं तिच्यानंतर आणखी एक चाल चालायची, जी मी कुठल्याच लग्नात ऐकली नव्हती. सुरुवात साधी होती. मग एका जागी सगळी बोटं उघडी व्हायची, जरा थांबायची, आणि एकदम सगळी भोकं झाकली जायची. सगळी भोकं झाकली की सूर तळाला जातो, एवढं मला शिकवलेलं होतं. मी तो मनात लावून पाहिला आणि माझा काथ्या टाकीवर जागच्या जागी थांबला. तिथून पुढं सगळी चाल खालच्या खालीच फिरायची, जड, दमून आलेल्या माणसासारखी. मी आधी कधी असं काही ऐकलं नव्हतं. तसं म्हटलं तर तेव्हाही ऐकलं नव्हतंच.

तुम्हाला हे सांगायला नको, पण उद्या नातवंडांच्या हाती ही वही लागली तर त्यांना कळावं म्हणून लिहिते. क्लॅरिनेटच्या पाठीमागे डाव्या अंगठ्यापाशी एक बारकी चावी असते. ती दाबली की तीच बोटं, तीच भोकं, पण सूर खालचा न येता पार वरचा येतो. समोर बसणाऱ्याला अंगठा दिसत नाही. सगळी बोटं उघडी असतानाचा सूर खालच्या सुरांत जवळजवळ सगळ्यात वरचा, म्हणजे तुमची चाल त्या जागी त्याच्याहून एकच पायरी वर चढत होती, आणि मी ती विहिरीत सोडली होती.

दादाचं तेव्हा वेगळंच चाललं होतं. रेल्वे कॉलनीतली तीन पोरं आणि तो, असा त्यांचा बीट ग्रुप होता. दोन इलेक्ट्रिक गिटारी, एक ड्रमसेट आणि दादाच्या तोंडी इंग्लिश रॉक गाणी, ज्यांचा अर्थ चौघांत मिळून एकालाच थोडाफार कळायचा. तो इंजिन ड्रायव्हरचा मुलगा, केस मानेपर्यंत, लीड गिटार वाजवायचा. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये ह्यांची प्रॅक्टिस सुरू झाली की घाटात गाडीला मागून लावायचं इंजिन आत शिरलंय असं वाटतं, असं तुम्ही एकदा म्हणालात. तुमच्या तोंडून निघालेला तेवढा एकच विनोद म्हणून आमच्या घरात तो पुष्कळ वर्षं टिकला. खंडाळ्याच्या अंगाला एका हॉटेलात रविवारी दुपारच्या जेवणाला वाजवायचं काम त्यांना मिळालं होतं. मुंबईची माणसं जेवायला बसायची आणि ह्यांचा धडाका सुरू झाला की ताटं उचलून बाहेर हिरवळीवर जायची. तिसऱ्या रविवारी मॅनेजरनं सांगितलं, पुढच्या खेपेला काहीतरी हळू वाजवा, नाहीतर सामान घेऊन जा.

सोमवारी सकाळी दादा तोंड पाडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलाय, आणि मी भाकरी थापते आहे. काय गुणगुणत होते ते माझं मलाही कळलं नव्हतं. त्यानं मान वर केली आणि विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, परत म्हण. मी परत म्हटलं, आणि त्या खाली पडण्याच्या जागी तो चक्क उठून उभा राहिला. भाकरी करपेपर्यंत त्यानं ती जागा माझ्याकडून पाच-सहा वेळा म्हणवून घेतली. ही आबांच्या बोटांतली आहे, हे मी त्याला सांगितलं होतं, आबा. तो म्हणाला, आबांनी ही वाजवलेली मी तर कधी ऐकली नाही. मी म्हटलं, कुणीच नाही ऐकलेली. तिथं आम्ही दोघांनी थांबायला हवं होतं, पण मला फार भारी वाटत होतं. माझं ऐकून कुणी उभं राहिलंय असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

आठवडाभर चौघांनी ती घोटली. लीड गिटारवाल्यानं कानठळ्या बसवणारी सगळी बटणं बंद केली. ड्रमवाल्यानं काठ्या बाजूला ठेवल्या आणि बुटाच्या ब्रशनं वाजवायला लागला. दादा पहिल्यांदाच मराठीत गायला. शब्द त्याचेच होते, घाट उतरून जाणाऱ्या गाडीबद्दल काहीतरी. त्यात सासरी जाणाऱ्या मुलीचा पत्ताही नव्हता. गाणं त्या जागी खाली पडलं की त्याचा आवाज जवळजवळ बोलल्यासारखा व्हायचा. ड्रायव्हरचा मुलगा म्हणाला, ह्याला इंग्लिश गाण्यांत सोल म्हणतात, म्हणजे आत्मा. रविवारी हॉटेलात लोकांनी चमचे खाली ठेवले. हे दादानं घरी येऊन मला दोनदा सांगितलं. पुढच्या रविवारी तेच परत मागितलं गेलं, मग त्याच धाटणीची आणखी चार गाणी बसली, आणि वर्ष सरायच्या आत जुना धडाका कुणाला आठवेनासा झाला. कॉलनीतली काही पोरं नाकं मुरडायची, ह्यांनी रॉक सोडून रडगाणं धरलं म्हणायची. पण पुण्याची बोलावणी यायला लागली, आणि मग मुंबईच्या एका कंपनीनं रेकॉर्ड काढली. ती आल्यावर काही विचारू नका. तळेगावच्या हॉटेलांत तीच, स्टेशनाबाहेरच्या पानवाल्याकडे तीच, मावळातल्या कुठल्याही जत्रेत लाउडस्पीकर लागला की तीच. रेकॉर्डवर चालीपुढं दादाचं नाव छापलेलं होतं.

तुम्ही रेडिओ ऐकत नव्हतात आणि दादाच्या गाण्याला कान देत नव्हतात, म्हणून तुमच्यापर्यंत पोचायला तिला वेळ लागला. कामशेतच्या लग्नात पोचली. आपल्या ढोलवाल्या काकांनी मला नंतर सांगितलं. वरात निघायची होती आणि नवऱ्याचे मित्र तुमच्याभोवती जमले, मास्तर, ती नवी वाजवा म्हणून. तुम्ही विचारलंत, कुठली. त्यांनी हौसेनं लाउडस्पीकरवर रेकॉर्ड लावली. तुम्ही ती पहिल्यापासून शेवटपर्यंत उभ्यानं ऐकलीत, मध्ये एका जागी डोळे मिटलेत. मग नेहमीची वरात वाजवलीत, काम पुरं केलंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं घरी आलात. दादा चहा पीत होता. मी चुलीपुढं होते.

“कुणी दिली तुला ही चाल?” तुम्ही विचारलंत.

दादानं माझ्याकडे पाहिलं, अगदी ओझरतं. मग म्हणाला, अशीच सुचली.

“सुचली,” तुम्ही म्हणालात. “माझ्या बोटांतली उचलली, आन ती बी मोडून.” आणि थोडं थांबून, “आजपासनं तुझं माझं बोलणं न्हाई.”

मी चुलीकडे तोंड फिरवलं. चुलीतलं लाकूड मागं ओढलं, परत पुढं सारलं. दादा त्याच महिन्यात पुण्याला खोली घेऊन राहायला गेला. घरी यायचा तो तुम्ही कुठंतरी वाजवायला गेलेले असताना, आईला भेटायला.

आठवड्यानं डाळ निवडता निवडता आईनं मला सांगितलं. ती चाल तुम्ही मी जन्मले त्या साली बांधली होती. लोकांच्या पोरींना जुनी पाठवणी, आपल्या पोरीला नवी. माझ्या गाडीपुढं वाजवायची, आणि तोवर एकदाही फुंकायची नाही. मी डाळ निवडतच राहिले. खडे संपले तरी निवडत होते. खरं सांगते, मला रडू नाही आलं, राग आला, आणि तोही तुमच्यावर. इतकी वर्षं माझ्याच नजरेसमोर बोटं चालवलीत, तर एकदा तोंडानं सांगायला काय झालं होतं?

दोन वर्षांनी वडगावचं स्थळ जमलं. लग्न मे महिन्यात, आपल्याच दारात मांडव. दादा आला होता, त्याचा ग्रुपही आला होता, आणि ते आलेत म्हटल्यावर निम्मं लोणावळं मांडवात होतं. दुपार कलली, माझी गादी आणि भांडी ट्रकमध्ये चढली, आणि तुम्ही बँडला हात करून खाली बसवलंत. लाल कोट काढून ठेवला होता तुम्ही. साधा सदरा, टोपी. ट्रककडे पाठ केलीत, माझ्याकडे तोंड केलंत आणि सुरुवात केलीत. पहिल्या ओळीलाच लोकांनी चाल ओळखली. कुणी शिट्टी मारली, पोरं दादाचे शब्द म्हणायला लागली, मग बायकाही. मला तुमची बोटं दिसत होती. ती जागा आली. सगळी बोटं उघडली, थांबली, भोकं झाकली गेली, आणि सूर वर गेला. एकच पायरी, आबा, पण तिथून पुढं सगळं मोकळं होतं, बोगद्यातून गाडी बाहेर आल्यासारखं. चार-पाच सूर मी ऐकले असतील. कारण गाणारा सगळा मांडव ठरल्याप्रमाणे खालच्या सुरात पडला होता आणि तुम्ही एकटेच वर होतात. लोक हसले. वाईट नाही हसले, म्हाताऱ्या माणसाला हसतात तसे प्रेमानं हसले. नवऱ्याकडचं कुणीतरी म्हणालं, “मास्तर चुकले की.”

तुम्ही थांबलात. मला वाटलं, आता खाली ठेवतील आणि आत जातील. दादा ट्रकच्या फळीला दोर बांधत होता, त्यानं मान वर केली नाही. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, ओठ पुसलेत आणि पहिल्यापासून परत सुरू केलंत. ह्या वेळी त्या जागी सूर खाली सोडलात, अगदी रेकॉर्डसारखा, आणि शेवटपर्यंत खालीच ठेवलात. मांडवभर लोक गायले. आई रडली, शेजारणी रडल्या, मीही रडले. तुम्ही उलटं चालत मला ट्रकपर्यंत आणलंत आणि फळीपाशी थांबून फक्त मला ऐकू जाईल असं म्हणालात, “लोकांना हीच ठावी हाय. हीच घेऊन जा.” मग तोंड वळवून, दोन वर्षांनी पहिल्यांदा, दादाला म्हणालात, “जेवल्याशिवाय जाऊ नगं.”

मी बरीच वर्षं हे असं धरून बसले होते की त्या दिवशी लोकांपुढं तुमचा पराभव झाला. गेल्या महिन्यात हे वाद्य मांडीवर घेतलं, डावा अंगठा आपसूक मागच्या चावीवर गेला, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ती चूक कुणालाही होण्यासारखी नव्हतीच. बोटं बरोबर, अंगठा चुकीचा, अशी चूक फक्त समोरच्या पायरीवर बसून वाचणाऱ्याचीच होणार. दादा त्या पायरीवर कधी बसला नाही. म्हणजे कामशेतला रेकॉर्ड ऐकताना, ज्या जागी तुम्ही डोळे मिटलेत, तिथंच तुम्हाला कळलं होतं. ‘मोडून’ हा शब्द मला होता. आणि बोलणं तोडलंत ते दादाशी, कारण माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं आणि हॉटेलातल्या ग्रुपला गाणी पुरवणारी मुलगी म्हणून माझं नाव झालेलं तुम्हाला परवडलं नसतं. दादालाही ते कळलं असणार, म्हणून तर त्यानं सगळं अंगावर घेतलं. तुम्ही दोघांनी माझं ओझं वाहिलंत आणि मला साधं विचारलंही नाहीत. ह्याचा मला राग येतो, आणि राग पुरता यायच्या आत मी फडकं घेऊन परत लाकूड पुसायला लागते.

लग्नानंतर तुम्ही अकरा वर्षं होतात. दिवाळीला, भाऊबीजेला मी येत होते. तुम्ही फळीवर बसलेले असायचात, क्लॅरिनेट पेटीत. आईनं सांगितलं, दुपारची बोटं तुम्ही बंद केलीत ती केलीतच. मी तेव्हा विचारू शकले असते. दादालाही, तो होता तोवर, विचारू शकले असते. दर वेळी चहा झाला, हालहवाल झाली आणि मी परतीची गाडी धरली.

आता दुपारी मी तोंडाकडचा तुकडा काढून बाजूला ठेवते आणि नुसती बोटं चालवते. फुंकत नाही, ते काही दात नाहीत म्हणून नव्हे. घरात लग्नाची नात आहे. चाल येते अजून, सगळी येते. त्या जागी आले की बोटं उघडते, थांबते, आणि अंगठ्याला काय करायचं ते कळत नाही.

ही वही मी पेटीतच ठेवणार आहे, मखमलीच्या फाटक्या खिशात. पाठवायची तरी कुठं? पण ठेवण्याआधी एक गोष्ट नीट करायला हवी. वर मी लिहिलंय, की समोर बसणाऱ्याला अंगठा दिसत नाही. ते बरोबरच आहे. पण रेकॉर्ड निघायच्या आधी, एका दुपारी पायरीवर रॉकेल सांडलं होतं, म्हणून मी समोर न बसता तुमच्या कडेला फळीवर येऊन बसले. ती जागा आली आणि मला अंगठा दिसला. चावी दाबलेली दिसली. दादाला सांगायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नसतं. मी सांगितलं नाही. तोवर मला खालचीच आवडायला लागली होती.